घरच्यांना फॉर्म नसतो

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लाल अक्षरांत एक पाटी आहे : फॉर्म भरल्याशिवाय टेबलावर झोपू नये. पाटी हिंदीत आहे, हुकूम माझा आहे. द्वारकेत एका केमिस्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मी बसते. बोर्डावर माझ्या नावाखाली 'कायरोप्रॅक्टर' असं लिहिलंय, आणि जिना चढून येणाऱ्या दहांतल्या दोघांना तरी वाटतं की मी हात बघून भविष्य सांगते.

मी हात बघत नाही, हाताने बघते. मणके, सांधे, अडकलेली मान, धरलेली पाठ. करोल बागेत दिवसभर भिंगाखाली वाकून खडे बसवणारे कारागीर येतात, मानेसरच्या कारखान्यांतले इंजिनियर येतात. रोज तीन तास गाडीत बसून ऑफिस गाठणारे तर येतातच, आणि येतानाही ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा येतात.

फॉर्म दोन पानांचा आहे. कुठे दुखतं, केव्हापासून, हाताला मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, शर्टाची बटणं लावायला त्रास होतो का, अक्षर बदललं आहे का. लोक वैतागतात.

"मॅडम, दर्द गर्दन में है. बटन से क्या लेना-देना?"

"भरिए," मी म्हणते. "गर्दन झूठ बोल सकती है, बटन नहीं बोलता."

हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मला ते फार आवडतं. मुलगी उन्नती हिने त्याचं रील केलं होतं, चौदा हजार लोकांनी पाहिलं. त्याहून जास्त चाललेलं रील म्हणजे एका पैलवानाच्या मानेला माइक चिकटवून घेतलेला 'कट्' असा आवाज. तो सव्वा लाख लोकांनी ऐकला. मी काय सांगते यापेक्षा मी काय मोडते यात लोकांना जास्त रस आहे, हे मी पचवलं आहे.

तर ऑक्टोबरात आर. के. पुरमहून अलकनंदाताईंचा फोन आला. त्या तिथल्या आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून अध्यक्ष आहेत.

"जयभीम, नीलम. पुढच्या महिन्यात मंडळाचा कार्यक्रम आहे. तुझं भाषण ठेवलंय."

"कशावर, ताई?"

"तुझ्यावरच. 'माझी वाटचाल आणि निरोगी जगण्याचं तत्त्वज्ञान.' पत्रिका छापायला गेली."

"अहो ताई, माझं कसलं तत्त्वज्ञान..."

"अगं, वीस मिनिटांचंच हवंय. वीस मिनिटांपुरतं तरी असेल ना?"

असायला हवं होतं. मी वही घेऊन बसले.

वाटचाल सोपी होती. बाबांना, म्हणजे सुखदेव या माझ्या वडिलांना, मी डॉक्टर व्हायला हवी होते. यवतमाळकडच्या एका खेड्यातून निघून ते दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, कारकून ते सेक्शन ऑफिसर असे चढले, आणि घरातली पुढची पायरी डॉक्टरची असं त्यांनी मनात टिपण काढून ठेवलं होतं. माझ्या मार्कांनी ते टिपण परत पाठवलं. मी फिजिओथेरपी केली. पंधरा वर्षं हॉस्पिटलात लोकांच्या गुडघ्यांना मशीन लावलं. अडतिसाव्या वर्षी गुरगावच्या एका हॉटेलच्या तळघरात शनिवार-रविवारचा एक कोर्स भरला होता, तिथे एका परदेशी बाईंनी एका माणसाची मान हलकेच वळवली आणि कट् असा आवाज आला. तो माणूस उठून बसला आणि हसला. माझ्या मशीनखाली पंधरा-पंधरा दिवस झोपूनही कुणी असं हसलं नव्हतं. बाबांनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, की कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, कारण विचारायचं. अशा घरातली मी, देवाधर्मावर कधी भाळले नाही. भाळले ती एका आवाजावर. मग त्याचंच शिक्षण घेतलं, चार वर्षं मोडली, आणि दवाखाना टाकला.

"म्हणजे हाडवैद्य," बाबा म्हणाले होते.

"नाही हो बाबा, याचं रीतसर शिक्षण असतं."

"हाडवैद्याचंही असतं. फक्त सर्टिफिकेट नसतं."

तत्त्वज्ञान मात्र अवघड गेलं. मी पाच सूत्रं काढली. पाणी प्या. चाला. ताठ बसा. कुशीवर झोपा. शरीराचं ऐका. ही सूत्रं लिहिताना मी पलंगावर पोटावर पडले होते, हनुवटीखाली दोन उशा होत्या, आणि शेजारच्या बशीत करोल बागेतून बांधून आणलेल्या भटुऱ्याचा शेवटचा तुकडा होता. मैदा बंद करा असं सहावं सूत्र सुचलं होतं. तुकडा संपेपर्यंत थांबले, मग ते सूत्र नकोच म्हटलं.

पण माझ्या मराठीचं एक आहे. मी दिल्लीत जन्मले, हिंदीत शिकले. मराठी मला बाबांनी शिकवलं, नागपूरहून दोन दिवस शिळं येणाऱ्या वर्तमानपत्रावरून शुद्धलेखन घालून. त्यामुळे मराठीत काहीही लिहिलं की ते बाबांकडे जातं. ते चुका काढतात आणि मग स्वतःच्या अक्षरात त्याची स्वच्छ प्रत करून देतात. माझ्या लग्नाची पत्रिका, उन्नतीच्या बारशाचं निमंत्रण, मंडळातली आजवरची सगळी भाषणं, सगळ्यांची प्रत बाबांच्या हातची. त्यांचं अक्षर मिनिस्ट्रीत नावाजलेलं होतं. टाइपरायटर असतानाही वरचे साहेब म्हणायचे, सुखदेवजी से लिखवाओ. बाबांच्या प्रतीवरून वाचलं की मला वाटतं, मला खरंच मराठी येतं.

आई-बाबा आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली राहतात. मी कागद नेऊन दिले.

"ठेव," बाबा म्हणाले. "बघतो."

आठवड्याने विचारलं तर शाई संपली होती. मी शाईची बाटली नेऊन दिली. पुढच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर बदलला होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आता आळशी झालात. ताठ बसा बघू आधी. बसणं असं असेल तर हात कुठून चालणार?"

"बिल्कुल," बाबा म्हणाले, आणि ताठ बसले.

इथे रविवारबद्दल सांगायला हवं. दोन-अडीच वर्षांपूर्वी बाबांची मान एकदा धरली होती, ती मी मोकळी करून दिली. तेव्हापासून हाडवैद्य हा शब्द गेला आणि बाबा भक्त झाले. दर रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला. जेवणाआधी बाबा डायनिंगच्या खुर्चीवर बसायचे, बनियनची पट्टी सारखी करायचे आणि म्हणायचे, "नीलम, जरा ते कर." मी मागे उभी राहायची, मान दोन्ही हातांत धरायची. कट्. मग दुसरीकडे. कट्. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "मंजूर." स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "झालं का मोडून? मग पानं घ्या." मटणाच्या रश्श्याचा वास, कुकरची शिट्टी आणि मंजूर. माझ्या आठवड्यातला सगळ्यात चांगला पेशंट. फॉर्म नाही, फी नाही, वर दोन भाकऱ्या जास्तीच्या.

घरच्यांना कुठे कुणी फॉर्म देतं?

त्या वर्षी बाबांनी कुर्ते घालायला सुरुवात केली. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस एकदम डोक्यातून घालायच्या कुर्त्यावर आला. मी म्हटलं, "वा बाबा, एकदम नेतेच!" आईने त्यांना चिकटपट्टीचे बूट आणले. मी म्हटलं, "छान, आरामशीर." एकदा चहाचा कप हातातून सुटला. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुमचं?" ते पाय फाकवून चालू लागले, तर मी सोसायटीच्या बागेत चार लोकांसमोर म्हटलं, "बाबा, पाय जवळ ठेवा. बदकासारखं काय चालताय?" तेव्हाही ते बिल्कुल म्हणाले आणि पाय जवळ घेतले. मग एका हाताने हळूच कठडा धरला. तो हात मी पाहिला होता. मला वाटलं, ते गुलाब बघायला थांबले.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले, तेव्हाच्या रविवारी बाबांनी मला एक पाकीट दिलं. "तुझी प्रत."

मी उघडली. सहा पानं, काळी शाई, समास सोडलेला, सगळं नीटनेटकं. दुसऱ्या ओळीवरच माझी नजर अडली. अक्षर गोल होतं, जरा दबलेलं. आणि प्रत्येक शब्दावरची रेघ सरळ होती. इतकी सरळ रेघ माणसाच्या हातून निघत नाही.

आईचं शिक्षण सातवीपर्यंत. ती किराण्याच्या यादीत कधी रेघ देत नाही. तिचं म्हणणं, तूरडाळ रेघेशिवायही तूरडाळच येते. त्या बाईने सहा पानं माझं भाषण लिहिलं होतं आणि मग पट्टी घेऊन प्रत्येक शब्दावर रेघ मारली होती, बाबांचं वाटावं म्हणून.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," बाबा म्हणाले.

"बाबा, रेघा पट्टीने मारल्यात."

"आता तशी पद्धत आहे."

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आदळलं. आई पदराला हात पुसत दारात आली. "सांगून टाका ना आता. काहून लपवता लेकीपासून? माझी बोटं दुखली पट्टी धरून धरून."

"कौसल्या," बाबा म्हणाले. एवढंच. घरात ते आईला नावाने हाक मारत नाहीत, फाइल बंद करायची असेल तेव्हाच मारतात.

उन्नती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "काय झालं? आजोबांची रायटिंग खराब झाली का?"

खोलीत जे कुणी बोलत नव्हतं ते बोलून ती मोकळी झाली. आमची मुलगी दिल्लीत वाढली. तिला 'कित्ता' म्हणजे काय ते माहीत नाही, पण नजर चांगली आहे.

"बाबा, एक ओळ लिहून दाखवा."

"मी काय परीक्षेला बसलोय?"

मी उन्नतीला गाडीची किल्ली दिली. "मागच्या सीटवर माझी बॅग आहे. एक फॉर्म घेऊन ये."

फॉर्म आला. बाबांनी तो आधी पूर्ण वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग पेन घेतलं. पेन धरायला त्यांना दुसऱ्या हाताने बोटं लावून घ्यावी लागली. मी बघत होते, आणि हे मी किती महिने बघितलं नव्हतं याचा हिशेब मनातल्या मनात लागायला लागला होता. दोन पानं भरायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. कुणी जेवायचं नाव काढलं नाही.

नाव : सुखदेव. शेवटची दोन अक्षरं ओळीखाली घसरली होती.

हाताला मुंग्या येतात का? होय. चालताना तोल जातो का? होय, पुढे कंसात 'बागेत'. शर्टाची बटणं लावायला त्रास होतो का? होय, पुढे 'सौ. लावून देते, परंतु तिला उशीर होतो'. केव्हापासून? मे महिना.

अक्षर बदललं आहे का?

तिथे त्यांनी होय-नाही काही केलं नव्हतं. वाकड्यातिकड्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं : 'कृपया वरील नमुना पाहावा.'

मी हसले. खरंच हसले, आणि मग हसू तोंडावरून काढायला मला जागा सापडेना.

"मुठी उघडा-मिटा बघू बाबा, भराभर. मी दहा सेकंद मोजते." धडधाकट माणूस वीस वेळा तरी करतो. बाबांच्या अकरा झाल्या, आणि शेवटच्या तीनमध्ये करंगळी बाहेरच राहिली. मी त्यांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली. अंगठा आपोआप आत वळला. वळायला नको असतो. मानेतून जो मज्जारज्जू खाली जातो तो कुठे तरी दाबला गेला की अंगठा असा चुगली करतो. हे मला पुस्तकातून पाठ आहे. मी दुसऱ्यांना शिकवते. आणि अशा मानेला झटका द्यायचा नाही, हात लावायचा नाही, सरळ सर्जनकडे पाठवायचं, हेही मीच शिकवते. मे ते ऑक्टोबर. दर रविवारी दोन्ही बाजूंनी. कट्, मंजूर, कट्, मंजूर.

"आज ते राहिलं," बाबा खुर्चीत सरसावून म्हणाले.

"आज नामंजूर."

"बरं."

"बाबा, मे महिन्यातच का नाही सांगितलं?"

ते फॉर्मचा कोपरा सारखा करत राहिले. मग फायलीवर शेरा मारावा तसं म्हणाले, "कारण शोधायचं म्हटलं की सगळीकडे शोधावं लागतं. मला शंका आली, की तू मान वळवतेस त्याने तर नसेल? आता तसं असेल, तर तुला कळून काय उपयोग? तू दवाखाना बंद करशील. इतक्या उशिरा तुझं बरं चाललंय."

"मग दर रविवारी करून का घेत होतात?"

"एकदम बंद केलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

आई म्हणाली, "बाप्पा, काय माणूस आहे!" आणि आत जाऊन तिने रस्सा परत गॅसवर ठेवला, कारण तो केव्हाचा थंड झाला होता.

मी म्हणे कारण विचारलं असतं. दोन मजले वर राहणारी, बटनवालं रील केलेली, शरीराचं ऐका असं पाचवं सूत्र लिहिणारी मी. सहा महिन्यांत मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

एमआरआय मंगळवारी झाला. सर्जन डॉक्टर अंशुमन हे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अगदी शांत. पण त्यांना भेटण्याआधी त्यांच्या रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या हातात एक फॉर्म ठेवला. चार पानांचा. माझ्यापेक्षा दुप्पट. तिसऱ्या पानावर प्रश्न होता : यापूर्वी मानेवर मालिश किंवा झटका देण्याचे उपचार झाले आहेत का? असल्यास कुणाकडून?

माझा नवरा अतुल शेजारी बसला होता. तो मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम बघतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली पण त्याने मला स्वतःच्या मानेला कधी हात लावू दिलेला नाही. तो हळूच म्हणाला, "सोडून दे तो कॉलम. पुढचा भर."

"तुमच्या कारखान्यात असा कॉलम सोडतात?"

"नाही," तो म्हणाला. "पूर्ण लॉट परत येतो."

मी लिहिलं : होय. मुलगी.

डॉक्टरांनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आप क्या करती हैं?"

"कायरोप्रॅक्टर हूं."

मला वाटलं, आता मस्त ऐकून घ्यावं लागणार. सर्जन लोक आमच्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे. पण ते ओरडले नाहीत. पडद्यावर चित्र लावून दाखवलं. मणक्यांचं हाड वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं, मधली वाट अरुंद झाली होती.

"ये आपने किया, ऐसा मैं नहीं कहूंगा. ये बरसों का है. लेकिन आपने कुछ नहीं बिगाड़ा, ये भी नहीं कह सकता. कोई नहीं कह सकता. अब से हाथ मत लगाइए, बस."

"ऑपरेशन के बाद लिख पाएंगे?" बाबांनी विचारलं.

"अंकल, जो गया है वो और न जाए, पहले ये देखेंगे. कितना वापस आएगा, वो आपका हाथ बताएगा."

बाबांनी मान डोलवली. मग त्यांना आठवलं की मान कमी हलवायला सांगितलंय, आणि ते मध्येच थांबले.

मी अलकनंदाताईंना फोन करून भाषण रद्द करायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "रद्द कशाला, पुढे ढकलते. सावित्रीबाईंच्या जयंतीला ठेवू. तोवर सुखदेवभाऊ बरे होतील. आणि नीलम, माझा गुडघा बघायचा होता गं." मी म्हटलं, "ताई, आधी फॉर्म भरून पाठवा." त्यांना राग आला असावा. पाठवला मात्र.

त्या पंधरवड्यात मी सगळ्यांना फॉर्म भरायला लावला. अतुलने भरला. आईने भरला, अर्थात रेघ न देता. 'कुठे दुखतं' समोर तिने लिहिलं, 'सांगितलं तर बसून कोण ऐकणार.' मी बसून ऐकलं, पाऊण तास लागला. उन्नतीने 'ताण कशाचा आहे' यासमोर 'मम्मी' असं लिहिलं आणि खाली हसरा चेहरा काढला. दवाखान्यात मी महिनाभर एकाही मानेला झटका दिला नाही. नुसते व्यायाम, शेक, बोलणं. एक जुना पेशंट उठून म्हणाला, "मॅडम, आज आवाज़ नहीं आई." मी म्हटलं, "आपकी आवाज़ आई ना? वही सुन रही थी." हेही वाक्य मला आवडलं. पण उन्नतीला रील करू दिलं नाही.

बाबांचं ऑपरेशन नोव्हेंबरात झालं. खिडकीबाहेर दिल्ली धुरात बुडालेली, आत बाबा गळ्यात टणक कॉलर घालून, भुवया उंचावून बसलेले. कुठल्या तरी मोठ्या देशाचे राजदूत वाटत होते. ताठ बसा असं मला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. मी रोज दहा सेकंद मोजायची. अकरा. अकरा. दहा. त्या दहाच्या दिवशी मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते. मग बारा. डिसेंबरच्या मध्यावर चौदा.

मी भाषण नव्याने लिहिलं. पाच सूत्रं काढून टाकली. पाणी वगैरे लोक तसंही पितात. निरोगी जगण्याबद्दल मला खरोखर माहीत होती अशी एकच गोष्ट उरली होती, ती लिहिली : परक्या माणसाला आपण जे प्रश्न नीट बसून विचारतो, ते घरच्या माणसाला विचारत नाही. आणि मग जे झालं ते सगळं लिहिलं, खुर्ची, मंजूर, रविवार सगळं. शेवटच्या पानावर एक वाक्य होतं : 'माझ्या वडिलांचा हात कदाचित माझ्याच हाताने गेला असेल, हे मला कधीच कळणार नाही.'

या वेळी प्रत करायला मी आईला दिलं. बाबांनी तिच्याकडून काढून घेतलं.

त्यांना अकरा दिवस लागले. दिवसाला अर्धं पान, कधी चारच ओळी. रेघा हाताने मारलेल्या, त्यामुळे प्रत्येक ओळ जराशी उतरती. अक्षर पूर्वीचं नव्हतं. पहिलीतल्या मुलाने बाबांच्या अक्षरावरून कित्ता गिरवावा तसं दिसत होतं. त्यांनी माझ्या एकोणीस चुका काढल्या होत्या. आणि शेवटच्या पानावर ते वाक्यच नव्हतं. त्या जागी समासात बारीक शेरा होता : 'अनावश्यक. वगळले.'

"बाबा, ते वाक्य हवं होतं."

"पुरावा नाही," ते म्हणाले. "पुराव्याशिवाय रेकॉर्डवर घेता येत नाही."

"नाही असाही पुरावा नाही."

"मग दोन्ही वगळ."

मी वाद घातला नाही. तीन जानेवारीला आम्ही सगळे आर. के. पुरमच्या हॉलवर गेलो. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी बाबा. शर्टात. इस्त्रीचा, पांढरा, वरचं एक बटण गळ्यातल्या टणक कॉलरमुळे उघडं, बाकीची लावलेली. सकाळी कार्यक्रमाला निघायला आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला होता, तो का झाला ते आता कळलं. आई लावून देत असताना उशीर तिचा व्हायचा, हा त्यांचा स्वतःचा होता.

बाबांच्या प्रतीवरून मी वाचत गेले. लोक हसायच्या जागी हसले, बदकाच्या जागी जरा जास्तच. शेवटच्या पानावर आले. समासातला शेरा दिसला. मी कागद खाली केला आणि वगळलेलं वाक्य तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. "माझ्या वडिलांचा हात कदाचित..."

पहिल्या रांगेत बाबांना नाही म्हणायचं होतं. पण कॉलरमुळे त्यांना मान हलवता येईना. म्हणून त्यांनी हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा, सरळ माझ्यासमोर. थांब.

मी थांबले. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि मी बाबांच्या हाताकडे. पाचही बोटं उघडी होती. करंगळीसुद्धा.

मग मी वाक्य पूर्ण केलं. बाबांनी हात खाली घेतला आणि आईला काहीतरी म्हणाले. घरी आल्यावर मी आईला विचारलं, बाबा तेव्हा काय म्हणाले?

"म्हणाले, शुद्धलेखन बरोबर होतं."